नऊ गुणांची उत्तरपत्रिका: हाँगकाँगमधल्या इंग्रजी वाचनाचं एक प्रकरण

हाँगकाँगमधल्या चिनी माध्यमाच्या शाळेतली फॉर्म ५ ची, म्हणजे माध्यमिकच्या पाचव्या वर्षाची, विद्यार्थिनी. वय सोळा. घरी कँटोनीज, म्हणजे तिथली चिनी बोली, शाळेत बाकीचे विषय चिनीतून, इंग्रजी फक्त इंग्रजीच्या तासाला. पाठांतरात कुठेही कसूर नाही: वहीत दीड हजारांवर इंग्रजी शब्द, प्रत्येकापुढे चिनी अर्थ. तरी वाचनाच्या सराव उताऱ्यात २० पैकी ९ गुण. शिकवणीतून सल्ला आला तो ठरलेलाच, शब्द कमी पडतात, आणखी पाठ कर.

हे प्रकरण कुणा एका खऱ्या मुलीचं नाही, हे आधीच सांगायला हवं. चिनी भाषक मुलांच्या उत्तरांत वारंवार दिसणाऱ्या चुका एका उत्तरपत्रिकेत गोळा केल्या आहेत. उतारा आणि प्रश्नही इथल्यासाठीच बेतलेत. परीक्षेचा साचा मात्र जसा आहे तसाच ठेवलाय. पाहायचं आहे ते एवढंच, की गेलेले अकरा गुण नेमके कुठे गेले, आणि त्यांतले किती गुण शब्द पाठ करून परत आले असते.

परीक्षेचा साचा

शालेय शिक्षण संपताना, फॉर्म ६ च्या शेवटी, डीएसई (डिप्लोमा ऑफ सेकंडरी एज्युकेशन) ही परीक्षा असते. निकाल पातळ्यांत लागतो, पहिली सर्वांत खालची. ती २०१२ साली पहिल्यांदा झाली. इंग्रजीचा पेपर १ वाचनाचा, दीड तासाचा, आणि विषयाच्या एकूण गुणांत त्याचा वाटा २० टक्के. भाग अ सगळ्यांना सक्तीचा. पुढे सोपा ब-१ किंवा अवघड ब-२, यांतला एकच सोडवायचा. ब-१ घेतला तर त्या पेपरात चौथ्या पातळीच्या वर जाता येत नाही. पदवीच्या प्रवेशाला किमान अट म्हणून चिनी आणि इंग्रजीत तिसरी पातळी, गणितात दुसरी आणि नागरिकत्वाच्या विषयात उत्तीर्ण, म्हणजे 'अटेन्ड', असावं लागतं. आकडे आणि 'अटेन्ड'चा ए एकत्र करून तिथले लोक तिला '३३२ए' म्हणतात. इंग्रजीची तिसरी पातळी हुकली की बाकी सगळं असूनही दार बंद, म्हणून या विषयाची एवढी धास्ती.

प्रश्न अनेक जातींचे: बहुपर्यायी, खरं-खोटं-दिलेलं नाही, अमुक परिच्छेदातला तमुक अर्थाचा शब्द शोधा, एका शब्दात उत्तर लिहा, 'इट' किंवा 'दे' कशासाठी आलंय ते सांगा, सारांशातल्या रिकाम्या जागा भरा. बरीच उत्तरं हातानं लिहायची असतात. चीनच्या मुख्य भूमीवरच्या 'गाओखाओ' या विद्यापीठ-प्रवेशपरीक्षेच्या राष्ट्रीय प्रश्नपत्रिकेत वाचनाच्या भागात पंधरा बहुपर्यायी प्रश्न असतात, आणि सात वाक्यांतून पाच निवडून उताऱ्यातल्या रिकाम्या जागी बसवायची असतात. तिथे वाचनाचं उत्तर म्हणून एक शब्दसुद्धा लिहावा लागत नाही. त्यामुळे तिकडची सरावपुस्तकं हाँगकाँगच्या मुलाच्या हाती दिली तर त्याचा अर्धाच सराव होतो.

माध्यमाचाही हिशोब धरावा लागतो. १९९८ पासून बहुतेक माध्यमिक शाळांना पहिल्या इयत्तांत चिनी माध्यम घ्यावं लागलं. इंग्रजी माध्यम ठेवण्याची परवानगी ११४ शाळांनाच मिळाली. २०१० पासून ही चौकट बरीच सैल झाली. तरी चिनी माध्यमाच्या वर्गात बसलेल्या मुलीला इंग्रजी शब्द विज्ञानाच्या किंवा इतिहासाच्या पानावर भेटत नाही. तो भेटतो शब्दांच्या यादीत, एकटा, समोर एक चिनी अर्थ घेऊन.

उत्तरपत्रिका, ओळ धरून

उतारा सुमारे ६०० शब्दांचा, निऑनच्या पाट्या बनवणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिरावर. काचेची नळी ज्योतीवर तापवून हातानं वाकवायची आणि आत वायू भरायचा: निऑनचा रंग तांबडा-केशरी, आर्गॉनमध्ये पारा असेल तर निळा. विषय तिच्या शहराचाच, म्हणजे माहिती नसल्यामुळे अडलं असं म्हणायला जागा नाही.

पहिलं वाक्य: 'द साइन्स दि ओल्ड मास्टर बेंट बाय हँड आउटलिव्ह्ड द शॉप्स.' अर्थ असा, की म्हाताऱ्या कारागिरानं हातानं वाकवलेल्या पाट्या दुकानांपेक्षा जास्त काळ टिकल्या. प्रश्न होता, जास्त काळ काय टिकलं? तिनं लिहिलं, 'म्हातारा कारागीर.' यातला एकही शब्द तिला अनोळखी नव्हता. 'आउटलिव्ह्ड'सुद्धा तिनं आउट आणि लिव्ह अशी फोड करून बरोबर ओळखला. चुकली ती रचना. चिनीत नामाचं वर्णन नेहमी नामाच्या आधी येतं आणि मध्ये एक जोड लागते. लिहिताना ती जोड 'दिक', बोलताना 'गे'. कारागीर-हात-वाकव-गे-पाट्या, असा क्रम. इंग्रजीत नाम आधी येतं आणि वर्णन मागून. त्यात 'दॅट' गाळला की वर्णन कुठे सुरू झालं याची खूणही उरत नाही. 'मास्टर' हे 'आउटलिव्ह्ड'च्या जवळचं नाम, म्हणून तिनं त्यालाच कर्ता धरलं.

मराठी वाचकाला ही अडचण परकी वाटू नये. 'कारागिरानं वाकवलेल्या पाट्या' हा आपलाही क्रम चिनीसारखाच, वर्णन आधी आणि नाम नंतर. मराठी माध्यमाच्या नववी-दहावीच्या वर्गात हेच वाक्य दिलं तर हीच चूक सापडेल, आणि उपायही तोच चालेल.

दुसरं वाक्य दोन गुणांचं: 'दि ओनर, ऑफर्ड टेन थाउजंड डॉलर्स फॉर इट, रिफ्यूज्ड टु सेल.' पाटीसाठी मालकाला कुणीतरी दहा हजार डॉलर देऊ केले आणि त्यानं विकायला नकार दिला. तिनं लिहिलं की मालकानं दहा हजार देऊ केले आणि दुकानदारानं नकार दिला. असा दुकानदार उताऱ्यात कुठेच नाही, वाक्य जुळवण्यासाठी तिनंच त्याला आणलं. 'ऑफर्ड' इथे भूतकाळाचं क्रियापद नाही, 'देऊ केले गेलेला' असं विशेषण आहे. इंग्रजीत दोन्हींचं रूप एकच. चिनी क्रियापद काळाप्रमाणे किंवा प्रयोगाप्रमाणे मुळीच बदलत नाही, त्यामुळे शेवटच्या 'ईडी'कडे पाहून थांबायची सवय तिला लागलेलीच नाही. शिवाय कँटोनीजमध्ये व्यंजनांची जोडअक्षरं नाहीत, म्हणून बोलताना हा 'ईडी' आणि अनेकवचनाचा 'एस' सहज गळतात. तोंडानं गाळलेलं अक्षर डोळाही गाळतो.

रचनेपायी गेले तीन गुण.

आता बारीक शब्द. 'फ्यू रेसिडेंट्स ऑब्जेक्टेड.' म्हणजे फारशा कुणी हरकत घेतली नाही. तिनं वाचलं 'अ फ्यू', काही जणांनी हरकत घेतली. चिनीत 'अ' आणि 'द' असं काही नाही, मराठीतही नाही, आणि जे आपल्या भाषेत नाही ते पानावर दिसूनही नजरेत भरत नाही. एका अक्षरानं उत्तर थेट उलटं होतं. तसंच 'ही कुड हॅव अप्लाइड फॉर अ परमिट.' तिनं मालकानं अर्ज केला असं धरलं, आणि परवाना मिळाला का या पुढच्या प्रश्नावर तिचा गोंधळ उडाला. चिनीत ही छटा क्रियापद दाखवत नाही. ती 'बुन-लोय' म्हणजे 'मुळात' अशा वेगळ्या शब्दानं आणावी लागते. इथे मराठी मूल नशीबवान, कारण 'अर्ज करता आला असता' यातल्या 'असता'मध्येच तो केला नाही हे सांगून झालेलं असतं. या दोन वाक्यांत गेले दोन गुण.

आता सगळ्यात फसवी जागा. 'द न्यू रूल्स डिड लिटल टु अड्रेस दीज फिअर्स.' नव्या नियमांनी लोकांची भीती घालवण्यासाठी फारसं काही केलं नाही. तिच्या वहीत 'अड्रेस' आहे, पहिल्याच पानांत, समोर 'पत्ता' असा चिनी शब्द. म्हणून तिनं लिहिलं की नव्या नियमांत दुकानांचे पत्ते थोडेच होते. वाचून हसू येतं, पण तिच्याकडे जे होतं त्यातून तिनं केलेला हा अगदी तर्कशुद्ध अर्थ आहे. दुसरं वाक्य: 'एलईडी इज एनीथिंग बट अ फेथफुल कॉपी.' एलईडीची नक्कल मूळ निऑनच्या जवळपासही जात नाही. 'बट' म्हणजे 'पण' एवढंच माहीत असल्यानं तिला ते कौतुक वाटलं. आणखी दोन गुण.

ओळखीचे शब्द अशी दगाबाजी करतात तेव्हा मुलाला शंकासुद्धा येत नाही. अनोळखी शब्दापाशी ते निदान थांबतं, पुन्हा वाचतं, शेजारी पाहतं. 'अड्रेस'पाशी कुणी थांबत नाही.

अनोळखी शब्दांमुळे गेलेले गुण दोनच, आणि त्यांतलाही एक गुण खऱ्या अर्थानं त्या खात्यात जात नाही. 'ऑर्डर्स ड्विंडल्ड फ्रॉम फोर्टी अ मंथ टु टू.' महिन्याला चाळीसवरून दोन. आकडेच सांगतात की 'ड्विंडल्ड' म्हणजे घटत गेल्या. तिनं ही जागा कोरी सोडली, कारण शब्द वहीत नव्हता आणि वहीबाहेरच्या शब्दाला हात लावायचा नाही अशी तिची समजूत. उरला 'अप्रेंटिस', शिकाऊ. हा खरोखरच अडला. उस्ताद आणि शिकाऊ ही जोडी तिच्या शहरात कुणालाही माहीत, 'सी-फू'च्या हाताखाली 'हॉक-तोउ' असतोच. एकदा शब्द आणि कल्पना जुळली की तो पुन्हा अडायचा नाही.

एक गुण 'दिलेलं नाही'पायी गेला. विधान होतं, शिकाऊ न घेतल्याचा कारागिराला पश्चात्ताप झाला. उताऱ्यात त्यानं कुणी शिकाऊ घेतला नाही एवढंच आहे. तिला ते दुःखाचं वाटलं, म्हणून 'खरं'. शेवटचा गुण गेला सारांशात: 'आफ्टर द ____ ऑफ द साइन'. उताऱ्यात 'रिमूव्ह्ड' होतं, तिनं तसंच उतरवलं. तिथे नाम हवं, 'रिमूव्हल'.

एकूण गेले ११: रचना ३, बारीक शब्द २, ओळखीच्या शब्दाचा दुसरा अर्थ २, अनोळखी शब्द २, 'दिलेलं नाही' १, शब्दरूप १. आणखी हजार शब्द पाठ केले असते तर, त्या हजारांत नेमका 'अप्रेंटिस' आणि 'ड्विंडल' असतील असं गृहीत धरूनही, दोनच गुण परत आले असते.

हे निदान करायचं कसं

उत्तर चूक की बरोबर, एवढ्यावरून खातं ठरवता येत नाही. 'अड्रेस'ची चूक कागदावर सामान्य गैरसमजासारखीच दिसते. म्हणून दुसऱ्या दिवशी, गुण दाखवण्याआधी, पंचवीस मिनिटं घ्यायची. चुकलेल्या उत्तरांची वाक्यं समोर ठेवून विद्यार्थिनीला एकेक वाक्य आपल्या बोलीत एका दमात सांगायला लावायचं. शब्दाला शब्द नको, जसं आईला सांगशील तसं. शिक्षकानं ते जसंच्या तसं लिहून घ्यायचं, दुरुस्ती करायची नाही, मान हलवायची नाही. कुठे अडखळली, कुठे नसलेला 'दुकानदार' आला, कुठे न अडखळता चुकली, या तीन खुणांवरून खातं कळतं. न अडखळता चूक म्हणजे बहुतेक वेळा ओळखीचा शब्द किंवा बारीक शब्द. नसलेलं माणूस किंवा वस्तू आली तर रचना.

वर्गात तीस मुलं असतील तर प्रत्येकाबरोबर बसणं शक्य नाही. तिथे प्रत्येकानं आपली तीन चुकलेली वाक्यं निवडून खाली त्यांचा चिनी अर्थ लिहायचा, पंधरा मिनिटं. शिक्षकानं ते कागद सहा ढिगांत लावले की पुढच्या महिन्याचं काम ठरतं. इंग्रजी वर्गात चिनी वापरायची नाही असा दंडक पुष्कळ ठिकाणी असतो. निदानापुरता तो बाजूला ठेवावा. मूल काय समजलं हे त्याच्या अर्ध्या इंग्रजीतून कळत नाही.

शब्दांची वही

नव्या शब्दाला तिथे 'सांग-ची' म्हणतात. 'सांग' म्हणजे कच्चं, न शिजलेलं, अनोळखी. 'ची' म्हणजे अक्षर. वही ती 'सांग-ची-बोउ'. या नावातच पद्धतीचं मर्म आहे. चिनीत एक अक्षर बहुधा एक अर्थ घेऊन येतं, आणि दोन अक्षरं जोडली की अर्थ बऱ्याचदा डोळ्यांसमोर उलगडतो. संगणकाला 'दिन-नोउ' म्हणतात, वीज आणि मेंदू. या सवयीचा एक फायदा आहे: 'आउट-लिव्ह', 'केअर-लेस', 'अन-लाइकली' अशी फोड ही मुलं पटकन शिकतात, आणि तिचा शिक्षकांनी जितका उपयोग करायला हवा तितका होत नाही. तोटा असा, की इंग्रजी शब्दालाही एकच कायमचा अर्थ असणार हे मनात पक्कं बसतं.

वहीच्या जागी पत्ते, म्हणजे खेळातल्या पत्त्यांसारखी छोटी कार्डं, करावेत. पुढच्या बाजूला सुटा शब्द लिहायचा नाही. तो जिथे भेटला ते पूर्ण वाक्य, शब्दाखाली रेघ. मागच्या बाजूला चार ओळी: या वाक्यातला अर्थ, आधी माहीत असलेला अर्थ, असेल तर, त्याचे नेहमीचे सोबती, म्हणजे 'अड्रेस'पुढे 'प्रॉब्लेम', 'इश्यू', 'कन्सर्न', आणि एखादं भावंड, म्हणजे 'रिमूव्ह'ला 'रिमूव्हल'. आठवड्याला दहा पत्ते पुरेत, आणि त्यांतले निम्मे जुन्या शब्दांच्या नव्या अर्थांचे असावेत: 'नॉव्हेल' म्हणजे नवा, 'हाउस' म्हणजे सामावून घेणं, 'फाइन' म्हणजे दंड, 'हार्डली' म्हणजे जेमतेम. उजळणी पहिल्या, तिसऱ्या, सातव्या आणि एकविसाव्या दिवशी. वाक्य वाचून मागचा अर्थ तोंडी आला तर पत्ता पुढच्या ढिगात, नाही तर परत पहिल्यात.

कोणता शब्द घ्यायचा हेही ठरवावं लागतं. सर्वांत वापरातले दोन-तीन हजार शब्द आधी. ते त्यांच्या दोन-दोन अर्थांसह पक्के झाले की एव्हरिल कॉक्सहेड यांची २००० साली आलेली शैक्षणिक शब्दांची ५७० कुळांची यादी (एक शब्द आणि त्याची भावंडं मिळून एक कूळ). 'ड्विंडल' दोन्हींत बसत नाही, त्याचा पत्ता करू नये. तो ओळखायचा, उत्तर लिहायचं आणि सोडून द्यायचा. तैवानमध्ये उच्च माध्यमिक मुलांसाठी सहा पातळ्यांत विभागलेली सुमारे ६,००० शब्दांची संदर्भयादी आहे. यादी नीट रचलेली आहे, पण पाठ करण्यासाठी वापरली की पुन्हा तीच एक-शब्द-एक-अर्थाची वही तयार होते.

आठ आठवडे

आठवड्यात चाळीस-चाळीस मिनिटांच्या दोन बैठका, आणि रोज पंधरा मिनिटं सोपं वाचन.

पहिली बैठक रचनेची. उतारा ३०० ते ३५० शब्दांचा, यापेक्षा मोठा नको. प्रत्येक लांब वाक्यात काळ दाखवणारी क्रियापदं अधोरेखित करून मोजायची. क्रियापदं जितकी, त्याहून एक कमी जोडशब्द हवा: 'अँड', 'बट', 'बिकॉज', 'दॅट', 'हू' वगैरे. 'द साइन्स दि ओल्ड मास्टर बेंट बाय हँड आउटलिव्ह्ड द शॉप्स' यात 'बेंट' आणि 'आउटलिव्ह्ड' ही दोन क्रियापदं आणि जोडशब्द शून्य. म्हणजे एक 'दॅट' गाळलाय. कुठे? जिथे दोन नामं एकापाठोपाठ येऊन आदळतात तिथे, 'साइन्स' आणि 'मास्टर' यांच्या मध्ये. तिथून 'हँड'पर्यंत कंस टाकायचा. कंस काढून वाचलं की उरतं, 'पाट्या दुकानांपेक्षा जास्त टिकल्या.' मग कंसातला मजकूर 'गे' लावून नामाच्या आधी नेऊन बोलीत म्हणायचा.

'ईडी'वाल्या रूपांसाठी एकच कसोटी: हे कुणी केलं? 'ओनर, ऑफर्ड' यात ऑफर्डला कर्ता धरला तर 'रिफ्यूज्ड'ला कर्ता उरत नाही, मध्ये जोडशब्दही नाही. म्हणजे ऑफर्ड हे खरं क्रियापद नव्हे, त्यालाही कंस. पहिले दोन आठवडे 'हू' आणि 'विच' दिसणारी वाक्यं, तिसऱ्यात 'दॅट' गाळलेली, चौथ्यात 'ईडी' आणि 'आयएनजी'ची. हा क्रम मोडू नये. चारही एकदम दिले की मूल सगळ्यालाच कंस टाकत सुटतं.

'ऑल्दो'नं सुरू होणाऱ्या वाक्यांना थोडा वेळ द्यावा. चिनीत 'सोय-यिन' आलं की मागून 'दान-सी' हमखास येतं, अगदी आपल्या 'जरी-तरी'सारखं. इंग्रजीत दुसरा अर्धा येतच नाही, म्हणून मुख्य वाक्य कुठे सुरू झालं ते मुलाला कळत नाही. स्वल्पविरामापाशी पेन्सिलनं स्वतःच 'दान-सी' लिहायला लावलं की काम होतं.

दुसऱ्या बैठकीत बारीक शब्द आणि लिहिण्याची उत्तरं. जोड्या आठच घ्याव्यात: 'फ्यू' आणि 'अ फ्यू', 'लिटल' आणि 'अ लिटल', 'कुड' आणि 'कुड हॅव', 'अनलेस' आणि 'इफ', 'हार्ड' आणि 'हार्डली', 'बट' आणि 'एनीथिंग बट', 'यूज्ड टु' आणि 'वॉज यूज्ड टु', 'स्टॉप टु' आणि 'स्टॉप'पुढे 'आयएनजी'. प्रत्येक जोडीची दोन वाक्यं समोरासमोर, आणि एकच प्रश्न: घडलं की नाही घडलं? व्याकरणाची नावं घ्यायची गरज नाही.

सारांशातली रिकामी जागा भरण्याआधी तिच्यावर पेन्सिलनं नाम, क्रियापद की विशेषण ते लिहायचं. 'खरं-खोटं-दिलेलं नाही'साठी बोटाचा नियम. खरं म्हणायचं तर ते सिद्ध करणाऱ्या ओळीवर बोट ठेव. खोटं म्हणायचं तरीही विरोधी ओळीवर बोट हवं. दोन्हीकडे बोट टेकत नसेल तर 'दिलेलं नाही', मग मनाला काहीही वाटो.

रोजच्या सोप्या वाचनाला मोजमाप आहे. मार्सेला हू आणि पॉल नेशन यांच्या २००० सालच्या अभ्यासातून आलेला आकडा शिक्षक सर्रास वापरतात: मदतीशिवाय नीट समजायला पानावरचे सुमारे ९८ टक्के शब्द ओळखीचे हवेत. म्हणजे पन्नास शब्दांत एक अनोळखी. शिक्षक शेजारी असेल तर ९५ टक्केही चालतात, वीस शब्दांत एक. ६०० शब्दांच्या उताऱ्यात पहिल्या हिशोबानं १२ अनोळखी शब्द, दुसऱ्यानं ३०. जुन्या प्रश्नपत्रिका या मुलीसाठी तिसाच्याही पलीकडे जातात, आणि तिचं सगळं वाचन त्यांतच चाललेलं. शेजारचे शब्दही अनोळखी असले तर शेजार पाहून अंदाज करायचा कसा? म्हणून पातळी लावलेली सोपी पुस्तकं घ्यावीत. पान उघडून शंभर शब्द मोजायचे, दोनपेक्षा जास्त अडले तर पुस्तक बदलायचं. मिनिटाला शंभर शब्द धरले तर पंधरा मिनिटांत दीड हजार, सहा दिवसांत नऊ हजार. मुख्य भूमीच्या २०१७ च्या उच्च माध्यमिक अभ्यासक्रमात सक्तीच्या टप्प्यात आठवड्याला किमान १,५०० शब्द आणि एकूण ४५,००० शब्दांचं अवांतर वाचन सांगितलंय. पंधरा मिनिटांचा नेम पाळला तर तो एकूण आकडा पाच आठवड्यांत पुरा होतो. या वाचनावर प्रश्न विचारायचे नाहीत, पत्ते करायचे नाहीत.

कुठे बिघडतं

तिसऱ्या आठवड्यात वेग पडतो, आणि मूल व पालक दोघंही घाबरतात. कंस टाकत वाचणाऱ्याचा वेग पडणारच. पाचव्या आठवड्यापासून पेन्सिल काढून घ्यायची आणि ६०० शब्दांचा उतारा घड्याळ लावून द्यायचा, आधी सहा मिनिटांत, सातव्या आठवड्यापर्यंत साडेचारमध्ये. कंस मनातल्या मनात पडायला लागले की वेग परत येतो. पेन्सिल फार दिवस ठेवली तर कंस नुसतं नक्षीकाम होतं. 'ऑफ द साइन'लाही कंस पडायला लागला की ओळखावं.

पत्त्यांची संख्या वाढते. आठवड्याला दहा म्हणजे अभ्यासच नाही असं घरच्यांना वाटतं, आणि शिकवणीत पन्नास शब्दांचा कागद मिळालेला असतोच. पन्नासांची चार वेळा उजळणी म्हणजे आठवड्याला दोनशे पत्ते. मग मागच्या चार ओळींची एक ओळ होते आणि वही परत येते.

मोबाइल पूर्ण वाक्याचं भाषांतर करून देतो. भाषांतर बऱ्याचदा बरोबर असतं, तीच अडचण. रचना सोडवण्याचं काम यंत्रानं केलं आणि मुलीच्या हाती फक्त उत्तर आलं. शब्दकोश उघडायचा तो दुसऱ्या वाचनानंतर, एकाच शब्दासाठी, आणि पहिला अर्थ न घेता शेजारच्या शब्दाशी जुळणारा अर्थ घेण्यासाठी. शिक्षकही हीच चूक करतात. मूल अडलं की तीन सेकंदांत चिनी अर्थ सांगून मोकळे होतात.

आणि जुन्या प्रश्नपत्रिका आधीच संपवून टाकतात. शेवटच्या दोन वर्षांच्या तरी हात न लावता ठेवाव्यात, नाही तर मोजायला काही उरत नाही.

आठव्या आठवड्यात नवा उतारा द्यायचा आणि पुन्हा तेच सहा ढीग करायचे. एकूण गुणांपेक्षा ढिगांकडे बघावं. रचनेचा ढीग सर्वांत आधी उतरतो, कारण नियम थोडे आहेत. मग बारीक शब्द. 'दिलेलं नाही' मध्येच सुधारतं, मध्येच घसरतं. दुसऱ्या अर्थांचा ढीग हळू उतरतो, त्याला वर्ष लागतं. आठ आठवड्यांत त्यात फरक दिसला नाही म्हणून पत्ते थांबवू नयेत.

ब-१ की ब-२, हा प्रश्नही याच ढिगांवरून सोडवता येतो. लागोपाठ दोन नव्या उताऱ्यांत रचनेपायी एकपेक्षा जास्त गुण गेला नाही, तर ब-२ चा उतारा वर्गात देऊन पाहावा, कारण अवघड भागात वाक्यंच लांब होतात. तीन-तीन गुण अजून जात असतील आणि लक्ष्य तिसरी पातळी असेल, तर ब-१ घेण्यात कमीपणा नाही. त्याची मर्यादा चौथीपर्यंत आहे, तिसरी तिच्या आत येते. हे फॉर्म ६ च्या पहिल्या सत्रातच ठरवून ठेवावं. परीक्षेच्या दिवशी दोन्ही उतारे चाळून निवडायला बसलं तर पाच-सात मिनिटं जातात, आणि त्या घाईत निवड विषयाच्या आवडीवर होते, वाक्यांच्या लांबीवर होत नाही.